‘मॅम, डेटाबेस चालत नाहीये’: नेमकं घोडं कुठे अडलंय ते कसं शोधायचं

दर सत्रात प्रोजेक्टचे विषय गाईडकडून पक्के झाले की आठवड्याभरात आमच्या काउंटरवर तेच वाक्य ऐकू येतं: ‘मॅम, डेटाबेस चालत नाहीये.’ डेटाबेस म्हणजे संशोधनपर लेखांचा ऑनलाइन संग्रह. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते. मुलं दिव्यापासून पनवेलपर्यंत कुठून कुठून येतात, निम्मं वाचन लोकलमध्ये मोबाइलवर उरकतात आणि ब्लॅकबुक, म्हणजे प्रोजेक्टचा बांधीव अहवाल, जमा करायच्या तोंडावर सगळ्यांनाच एकदम संदर्भ हवे असतात. डेटाबेस खरोखर बंद पडलाय असं क्वचितच निघतं. बहुतेक वेळा आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असाच प्रकार असतो. अडचण सर्चच्या शब्दांत असते आणि मुलगा पासवर्ड बदलत बसतो. अडचण लॉगिनची असते आणि मुलगी ‘या विषयावर काही मटेरियलच नाही’ म्हणून विषय बदलायला निघते.

तेव्हा काहीही करण्याआधी स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय ते बघा. लेखाचं नाव आणि सारांश दिसतोय, पण पीडीएफच्या जागी डॉलरमधला आकडा आहे? सर्च केल्यावर काहीच येत नाहीये, किंवा लाखभर निकाल येताहेत? की काल उघडलेली लिंक आज उघडत नाहीये? या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि एकीचा इलाज दुसरीला लागू पडत नाही.

पेपर दिसतो, पण पैसे मागतो

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. विद्यार्थी गुगलवर शोधतो, गुगल त्याला थेट प्रकाशकाच्या साइटवर नेऊन सोडतं आणि तिथे एका लेखासाठी तीस-चाळीस डॉलर मागितले जातात. तो म्हणतो, ‘पण आपल्या कॉलेजचं सबस्क्रिप्शन आहे ना?’ आहे. पण तू त्या कॉलेजचा आहेस हे त्या साइटला कळणार कसं? पास खिशात असून टीसीला दाखवला नाही तर दंड भरावाच लागतो, त्यातली गत.

प्रकाशक तुम्हाला दोनच प्रकारे ओळखतो. एक, कॉलेजच्या इंटरनेटचा आयपी पत्ता, म्हणजे त्या जोडणीचा ओळख क्रमांक, त्याच्याकडे नोंदवलेला असतो, म्हणून कॅम्पसच्या वाय-फायवर सगळं आपोआप उघडतं. दोन, तुम्ही कॉलेजने दिलेल्या लॉगिनने, ठरलेल्या पोर्टलमधून आत येता. घरी, होस्टेलवर किंवा मोबाइल डेटावर असाल तर पहिला मार्ग बंदच असतो. कॅम्पसमध्ये बसूनही फोन वाय-फाय सोडून गुपचूप डेटावर गेलेला असतो, हे तर आमच्याकडे रोजचंच आहे. आधी तेवढं बघा.

अनुदानित कॉलेजांपैकी बऱ्याच ठिकाणी हे पोर्टल म्हणजे एन-लिस्ट. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने २०१० मध्ये खास कॉलेजांसाठी ते सुरू केलं. कॉलेज वर्षाला काही हजार रुपये भरतं आणि त्यात सहा हजारांहून जास्त नियतकालिकं आणि लाखाच्या वर ई-पुस्तकं विद्यार्थ्यांना मिळतात. पैसे मागणारं पान समोर आलं की ते पान सोडून द्या. लेखाचं पूर्ण शीर्षक कॉपी करा, एन-लिस्टवर लॉगिन करा, तिथल्या यादीतून त्या प्रकाशकाच्या नावावर क्लिक करून आत जा आणि शीर्षक अवतरणचिन्हात टाकून शोधा. तोच लेख, तीच साइट, पण आता पीडीएफचं बटण दिसेल.

इथे एक गफलत हमखास होते. प्रकाशकाच्या साइटवर ‘रजिस्टर’ असं बटण असतं. मुलं तिथे स्वतःच्या जीमेलने खातं उघडतात, लॉगिन होतं, वर कोपऱ्यात नावही दिसतं, आणि मग म्हणतात, ‘मॅम, लॉगिन झालंय तरी उघडत नाही.’ ते खातं फक्त तुमचं आहे, त्याचा कॉलेजच्या वर्गणीशी काडीचा संबंध नाही. आवडीचे लेख साठवून ठेवायला ते ठीक, पण त्याने कुलूप उघडत नाही. कॉलेजचं खातं ग्रंथालयच बनवून देतं आणि त्याचा पासवर्ड तुम्ही ग्रंथालयाला दिलेल्या ईमेलवर येतो. तो मेल स्पॅममध्ये पडलेला असतो. एफवायला असताना दिलेला ईमेल आता वापरात नसेल तर काउंटरवर येऊन तो बदलून घ्या. मित्राचा पासवर्ड मागून काम भागवू नका, कारण एकच खातं चार ठिकाणी चालताना दिसलं तर ते बंद होऊ शकतं आणि मग अडकतो तो मित्र.

योग्य दारातून येऊनही पैसेच मागितले, तर बहुधा तो लेख आपल्या वर्गणीत नाही. कॉलेजकडे एखादं नियतकालिक ‘आहे’ म्हणजे त्याचे सगळे अंक आहेत असं नाही. काहींची ठरावीक सालापासून पुढचीच वर्षं मिळतात. जेस्टोरसारख्या संग्रहात उलटं असतं: जुने अंक पहिल्यापासून मिळतात, पण बऱ्याच नियतकालिकांची अगदी अलीकडची तीन ते पाच वर्षं तिथे नसतात. नियतकालिकाच्या पानावर कोणत्या वर्षांपर्यंत प्रवेश आहे ते लिहिलेलं असतं. ते वाचायला अर्धा मिनिट लागतं, आणि ते न वाचता कॅशे साफ करण्यात संध्याकाळ जाते.

वर्गातल्या सगळ्यांचंच एकाच दिवशी बंद पडलं तर मात्र तुमच्याकडून काही होणार नाही. एक तर कॉलेजचं सदस्यत्व नव्याने भरायचं राहिलंय, किंवा कॉलेजने इंटरनेट कंपनी बदलली आणि नवा आयपी पत्ता प्रकाशकांना कळवलेला नाही. तिसरंही एक कारण असतं आणि ते जास्त चीड आणणारं असतं: कुणीतरी डाउनलोड मॅनेजर लावून एका रात्रीत शेकडो पीडीएफ ओढलेल्या असतात. प्रकाशकाची यंत्रणा हे ओळखते आणि त्या एका माणसाला नाही, पूर्ण कॉलेजला काही काळ बंद करून टाकते. मग पुढचे दिवस आम्ही माफीचे मेल लिहीत बसतो. एका ब्लॅकबुकला पंचवीस-तीस चांगले संदर्भ खूप झाले. शंभर पीडीएफ वाचणार कोण?

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’बद्दलही वारंवार विचारलं जातं. सरकारनेच संस्थांसाठी नियतकालिकांची एकत्र वर्गणी भरायची, अशी ही योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. बातमी वाचून मुलांना वाटलं, आता सगळ्यांना सगळं फुकट. पण पहिल्या टप्प्यात ती केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. ठाणे-नवी मुंबईतली बरीच कॉलेजं खासगी संस्थांची, अनुदानित किंवा विनाअनुदानित आहेत. सरकारी संस्थेत शिकणाऱ्या तुमच्या बहिणीला जो लेख मिळतो तो तुम्हाला मिळत नसेल, तर तुमच्या लॉगिनमध्ये बिघाड शोधू नका.

वर्गणीत नसलेला लेख रीतसर मिळवायच्याही वाटा आहेत. गुगल स्कॉलरवर लेखाचं शीर्षक टाका आणि निकालाखाली ‘ऑल व्हर्जन्स’वर क्लिक करा. पुष्कळदा लेखकाने स्वतःच्या विद्यापीठाच्या साइटवर प्रत ठेवलेली असते. ब्राउझरला अनपेवॉल नावाचं एक्स्टेन्शन जोडून घेतलं तर मोफत प्रत कुठे असल्यास ते आपणहून दाखवतं. जेस्टोरवर स्वतःच्या नावाने मोफत खातं काढलं तर ३० दिवसांत १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. डाउनलोड होत नाहीत, पण टिपणं काढायला कोण अडवतंय? आणि लेखकाला दोन ओळींचा नम्र मेल केला तर तोही अनेकदा पीडीएफ पाठवतो. आपलं काम कुणीतरी वाचतंय याचं प्राध्यापकांनाही अप्रूप असतं. पैशांचे लेख परवानगीशिवाय फुकट देणाऱ्या साय-हबचं नाव मुलं दबक्या आवाजात काढतात. दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ मध्ये ती साइट भारतात ब्लॉक झाली आहे, तेव्हा त्या नावाच्या नकली साइटवर जाऊन फोनमध्ये नको ते उतरवून घेऊ नका.

‘माझ्या विषयावर काहीच नाही’

आता खरी गंमत. गेल्या वर्षी टीवाय बीएस्सीची एक मुलगी आली. विषय ठाणे खाडीचा. तिने प्रोजेक्टचं आख्खं शीर्षकच इंग्रजीत सर्चमध्ये टाकलं होतं, ‘ठाणे खाडीतील प्रदूषणाचा फ्लेमिंगोंवर होणारा परिणाम : एक अभ्यास’ अशा धर्तीचं. निकाल शून्य. ‘मॅम, यावर कुणी कामच केलेलं नाही, म्हणजे माझा विषय युनिक आहे ना?’

डेटाबेस वाक्य समजून घेत नाही, शब्द जुळवतो. बारा शब्द दिले तर बाराच्या बारा असलेला लेख तो शोधायला जातो. मी तिला कागद दिला आणि तीन रकाने पाडायला सांगितले: जागा कोणती, वस्तू कोणती, काय घडतंय. मग प्रत्येक रकान्यात त्या गोष्टीला दुसरं काय म्हणतात ते लिहायचं.

पहिल्या रकान्यातच वेळ गेला. आपण ‘ठाणे’चं इंग्रजी स्पेलिंग ‘ई’ने संपवतो, पण जुन्या लेखांत ते शेवटी ‘ए’ लावून, ‘थाना’ असं येतं. खाडीला आपण ‘क्रीक’ म्हणतो. बाहेरच्या नियतकालिकांत अशाच जागेला ‘एस्च्युअरी’ म्हटलेलं सापडतं. सालाचाही विचार करावा लागतो. खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून २०१५ मध्ये घोषित झाला आणि महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत तो २०२२ मध्ये आला. सर्चमध्ये ‘सँक्चुअरी’ किंवा ‘रामसर’ घातलं की त्याआधीचं सगळं काम वगळलं जातं, आणि खाडीच्या गाळातल्या धातूंवर काम त्याच्या कितीतरी आधीपासून होत आलेलं आहे.

दुसऱ्या रकान्यात तिने ‘पोल्यूशन’ लिहिलं होतं. संशोधक इतकं ढोबळ क्वचितच लिहितात. ते ‘हेवी मेटल’ लिहितात, ‘कॅडमियम’, ‘मर्क्युरी’, ‘सेडिमेंट’ (गाळ), ‘एफ्लुएंट’ (सांडपाणी) लिहितात. मग सगळं मिळून असं झालं, अर्थात इंग्रजी अक्षरांत:

(“ठाणे क्रीक” ऑर “थाना क्रीक”) ॲण्ड (सेडिमेंट ऑर मॅन्ग्रोव्ह) ॲण्ड (“हेवी मेटल” ऑर कॅडमियम ऑर मर्क्युरी)

‘ऑर’ आणि ‘ॲण्ड’ मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटलमध्ये टाइप करायचे. बऱ्याच डेटाबेसना ते छोट्या अक्षरांत कळत नाहीत. एकाच गोष्टीची वेगवेगळी नावं ‘ऑर’ने जोडून कंसात टाकायची आणि वेगवेगळ्या गोष्टी ‘ॲण्ड’ने जोडायच्या. जोडशब्द अवतरणचिन्हात, नाहीतर ‘हेवी’ एका परिच्छेदात आणि ‘मेटल’ चौथ्या पानावर असलेले लेखही येतात. अवतरणचिन्हं मात्र सर्चच्या चौकटीतच टाइप करा. वर्ड किंवा व्हॉट्सॲपवरून कॉपी केली तर ती वाकडी चिन्हं येतात आणि काही डेटाबेस ती ओळखतच नाहीत. सगळं बरोबर असून निकाल शून्य आला की मी आधी तेच तपासते.

फुलीसारखी तारका (*) हेही कामाचं हत्यार आहे. ‘पोल्यूशन’च्या इंग्रजी स्पेलिंगमधली शेवटची तीन अक्षरं काढून तिथे तारका दिली की ‘पोल्यूटंट’, ‘पोल्यूटेड’ हे सगळं एकदम येतं. जेस्टोर आणि बहुतेक वर्गणीच्या डेटाबेसमध्ये हे चालतं. गुगल स्कॉलरमध्ये चालत नाही, तिथे तारका देऊन नशिबाला बोल लावू नका.

फ्लेमिंगो कुठे गेले? तिने ते पहिल्या फेरीत बाजूलाच ठेवले. आधी खाडीतल्या धातूंचं काम, मग वेगळ्या सर्चमध्ये फ्लेमिंगो आणि धातू, जागा कुठलीही असो. दोन्ही ढीग एकत्र आणून त्यांच्यामधला दुवा सांगणं हे प्रोजेक्ट लिहिणाऱ्याचं काम. तयार दुवा एकाच लेखात मिळेल ही अपेक्षाच चुकीची.

समाजशास्त्र, अर्थशास्त्र, नियोजन असे विषय घेणाऱ्यांना नावांचा हा घोळ आणखी छळतो. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. त्यानंतरची निदान वीस वर्षं या शहरावर जे काही लिहिलं गेलं ते ‘न्यू बॉम्बे’ या नावाने. ‘नवी मुंबई’ एवढंच शोधाल तर शहर वसवतानाची मूळ चर्चा, गावठाणांचे आणि भूसंपादनाचे प्रश्न यावरचं बरंचसं लेखन तुमच्या हाती लागणार नाही. १९९५ च्या आधीच्या कुठल्याही गोष्टीसाठी ‘बॉम्बे’ घालायलाच हवं.

निकाल लाखभर येत असतील तर उलटं करा. आधी ‘सगळीकडे’ऐवजी फक्त शीर्षकात आणि सारांशात शोधा, मग वर्षं आवळा. त्यातून एक, फक्त एक, नेमका लेख निवडा. त्याच्या मागची संदर्भसूची तुम्हाला जुन्या कामाकडे नेते, आणि गुगल स्कॉलरवर त्याच्याखालचं ‘सायटेड बाय’ नव्या कामाकडे. एवढ्यावर बीएच्या प्रोजेक्टचं साहित्य समीक्षण उभं राहतं.

मराठीत शोधताना

मराठी विषयाची मुलं बिचारी दुहेरी अडकतात. शोधगंगा हे इन्फ्लिबनेटचंच भांडार, भारतीय विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध तिथे मोफत आहेत, लॉगिनही लागत नाही. पण तिथे मराठी प्रबंधांची शीर्षकं कधी देवनागरीत, तर कधी रोमन लिपीत, ज्याला जसं सुचलं तशा स्पेलिंगने भरलेली असतात. ‘ग्रामीण’च्या शेवटी एकाने एक अक्षर घातलंय, दुसऱ्याने दुसरं. म्हणून शीर्षकावरून शोधायच्या भानगडीत न पडता विद्यापीठ निवडा, विभाग निवडा आणि यादी डोळ्यांखालून घाला. किचकट वाटतं, पण यातच सापडतं. आणि तिथे प्रबंध एकसंध नसतो, प्रकरणागणिक वेगळी फाइल असते. ‘फक्त मुखपृष्ठच डाउनलोड झालं’ ही तक्रार तिथूनच येते. संदर्भसूचीची फाइल आधी उघडा, ती सगळ्यात कामाची.

प्रबंध उघडल्यावर फाइलमध्ये शब्द शोधला तर सापडत नाही. एक तर तो स्कॅन आहे, म्हणजे पानांचा फोटो. किंवा तो युनिकोडच्या आधीच्या, श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे: दिसतो मराठी, पण कॉपी केला तर भलतीच अक्षरं येतात. याला इलाज नाही. अनुक्रमणिका बघून पानं चाळा.

ज्यांचा विषय मराठीत डोक्यात आहे पण इंग्रजी संज्ञा आठवत नाही, त्यांनी मराठी विश्वकोशात जावं. ऑनलाइन आहे, मोफत आहे, आणि नोंदीत बहुधा इंग्रजी पर्यायही दिलेला असतो. ती संज्ञा उचलायची आणि डेटाबेसमध्ये टाकायची. आणि ऑनलाइनच्या नादात जवळचं विसरू नका: ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे. स्थानिक इतिहासाचा प्रोजेक्ट घेऊन तिथे न जाणारा विद्यार्थी दिसला की मला खरंच राग येतो.

काल उघडलेली लिंक आज बंद

याचं उत्तर छोटं आहे. लॉगिन करून आत गेल्यावर वरच्या पट्टीत जो पत्ता दिसतो तो पुष्कळदा त्या बैठकीपुरता असतो. तोच ग्रुपवर टाकला तर दुसऱ्याला उघडत नाही आणि उद्या तुम्हालाही नाही. लेखाच्या पानावर डीओआय, म्हणजे त्या लेखाचा कायमचा ओळख क्रमांक असतो, ‘१०’ या आकड्याने आणि पुढे टिंबाने सुरू होणारा. तो टिपून ठेवा, तो बदलत नाही. टेलिग्रामसारख्या ॲपमधून लिंक उघडलीत तर ती कधी ॲपच्याच खिडकीत उघडते आणि तिथे तुमचं लॉगिन नसतं. तिथून ती नेहमीच्या ब्राउझरमध्ये न्या.

लेखच अस्तित्वात नसेल तर?

ही तक्रार नवी आहे आणि वाढतेय. विद्यार्थी दहा संदर्भांची सुबक यादी घेऊन येतो, ‘मॅम, यातला एकही सापडत नाही.’ यादी चॅटबॉटने दिलेली असते. लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, साल पटण्यासारखं, पण असा लेख कुणी कधी लिहिलेलाच नाही. डीओआय टाकून बघा: तो उघडतच नाही, किंवा भलत्याच विषयाचा लेख उघडतो. शीर्षक अवतरणचिन्हात घालून गुगल स्कॉलरवर शोधा. तिथे नाही, मग नियतकालिकाच्या साइटवर त्या वर्षाचा खंड उघडून अनुक्रमणिका बघा. तिथेही नाही, तर तो संदर्भ खोडून टाका. तसाच ठेवलात तर व्हायवाला बाहेरचे परीक्षक नेमकं त्याच नावावर बोट ठेवतात. चॅटबॉटला दुसऱ्या रकान्यातले पर्यायी शब्द विचारायला माझी हरकत नाही. त्यात तो बरा आहे.

एवढं करूनही अडलंच, तर आम्हाला कळवा. पण ‘चालत नाहीये’ आणि कापलेला स्क्रीनशॉट एवढ्यावर आम्हालाही काही कळत नाही. पत्त्याची पट्टी दिसेल असा पूर्ण स्क्रीनचा फोटो जोडा आणि असं काहीतरी लिहा:

‘नमस्कार मॅडम, मी एसवाय बीकॉम, रोल नंबर अमुक. लेखाचं नाव आणि डीओआय खाली दिलाय. काल रात्री साडेनऊला घरून, मोबाइल डेटावर, एन-लिस्टमधून लॉगिन करून गेलो. लॉगिन झालं, नियतकालिकाचं पान उघडलं, २०१८ चा अंक दिसला, पण पीडीएफवर क्लिक केल्यावर पैसे मागितले. २०१६ चा अंक मात्र उघडतो.’

शेवटच्या वाक्यावरूनच आम्हाला कळतं की लॉगिन ठीक आहे आणि प्रश्न वर्षांचा आहे. असा मेल सकाळी आला तर बहुधा जेवणाच्या सुट्टीच्या आत उत्तर जातं, आणि तो लेख दुसरीकडून मिळण्यासारखा असेल तर कुठून, तेही.